आईच्या सीटचा विमा

परदेशातून कायमचं घरी परत येताना शहाणी माणसं भांडी आणतात, पुस्तकं आणतात, फार तर एखादा मोठा टीव्ही आणतात. मी गाडी आणली. यावर ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं, कारण पुढे मला अधूनमधून गंभीर व्हायचं आहे.

गाडी जुनी, पाटी परदेशी, आणि स्टिअरिंग आपल्या इकडच्या उलट बाजूला. "विकून टाका तिकडेच," असं मला बायकोने, तिच्या भावाने, जहाज कंपनीच्या कारकुनाने आणि सामान भरायला आलेल्या हमालाने स्वतंत्रपणे सांगितलं होतं. पण या गाडीत एक गंमत आहे. चालकाशेजारची सीट बटण दाबलं की दाराकडे वळते, बाहेर येते आणि हळूहळू खाली उतरते. आधीच्या मालकाने आपल्या म्हाताऱ्या वडिलांसाठी ती बसवून घेतली होती. मला गाडी स्वस्तात मिळाली म्हणून मी घेतली, आणि नऊ वर्षं त्या सीटवरून फक्त किराणा वरखाली केला.

दरम्यान इकडे आईचे गुडघे गेले. तीन वर्षांपूर्वी तिला टॅक्सीत बसवायचा प्रयत्न झाला होता. एक पाय टॅक्सीत, एक रस्त्यावर आणि बाकीची आई मध्ये, अशा स्थितीत दहा मिनिटं गेली. माणसं जमली. दोघांनी मागून ढकलायची तयारी दाखवली. आई म्हणाली, "काढा मला बाहेर," आणि त्यानंतर ती फाटकाच्या पलीकडे गेली नाही.

तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, गाडीने दोन तासांवर राहते. तिचेही गुडघे त्याच घरचे. तीन वर्षं दोघी रोज सकाळी फोनवर बोलत होत्या. आणि आता मावशीची मुलगी तिला कायमची आपल्याकडे, परदेशात, घेऊन चालली होती. तारीख ठरली होती: तीस. मी परत आलो आणि मावशी निघाली, असा हा आमच्या घराण्याचा हिशोब.

"मला एकदा तिला भेटायचंय," आई म्हणाली. "नंतर काही मागणार नाही."

"अगं, फोनवर रोज तोंड दिसतं की तिचं."

"तोंड दिसतं रे. हात धरता येत नाही."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, तीस तारखेच्या आत तुला तिच्या दारात नेऊन उभी करतो. उभी म्हणजे बसलेली. गाडी अकरा तारखेला बंदरावरून ट्रकवर चढून आली आणि आमच्या फाटकाच्या आत उतरली. विमा तेवढा काढायचा राहिला होता.

आमच्या खालच्या मजल्यावर सर्वज्ञ राहतात. हे मी ठेवलेलं नाव. ते कोणत्या खात्यातून निवृत्त झाले हे मला अजून कळलेलं नाही, कारण सगळ्याच खात्यांतलं त्यांना कळतं. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी टायरला बुटाने टिचकी मारली. (हे का करतात, मला माहीत नाही. गाडी कधी काही सांगत नाही.)

"विमा? अहो, अर्ध्या तासाचं काम. आणि नाही निघाला तर तसेच जा. कोण बघतंय?"

कोण बघतंय! पाटीच अशी की दोन चौकांपलीकडचा पोलीस शिट्टी चाचपायला लागतो.

"नाहीतर रुग्णवाहिका बोलवा," सर्वज्ञ म्हणाले. "आडवं घालून नेतात व्यवस्थित."

वरून खिडकीतून आईचा आवाज आला, "मी आजारी नाहीये हो!"

विमा कंपनीच्या काउंटरवर एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशीची असेल, पण तिने मला पहिल्याच वाक्यात 'काका' म्हटलं. माझं वय बावन्न. तिकडे नऊ वर्षं मला सगळे नुसत्या नावाने हाक मारत होते. मी ते गिळलं.

"गाडीचा नंबर सांगा काका."

मी सांगितला. तिने टंकला. पुन्हा टंकला. मग जरा मागे सरून स्क्रीनकडे पाहिलं. "संगणक घेत नाहीये. आपल्या नंबरात एवढी अक्षरं नसतात."

"ही परदेशातली गाडी आहे."

"मग आधी इकडचा नंबर घेऊन या."

नंबर देणाऱ्या कचेरीत गेलो. दीड तास रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या गृहस्थांनी माझे कागद मन लावून चाळले, एक टाचणी काढून दुसरीकडे लावली आणि विचारलं, "विमा कुठाय?" विम्याशिवाय नंबर नाही. मी परत विमा कंपनीत. नंबराशिवाय विमा नाही. अशा दोन दिवसांत चार फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला खिडकीतल्या गृहस्थांनी मला पाणी विचारलं, इतकी आमची ओळख वाढली.

शेवटी काउंटरवरच्या मुलीलाच माझी दया आली असावी. तिने कपाटातून एक जाड फाइल काढली, धूळ झटकली, आणि बोट फिरवत फिरवत एके ठिकाणी थांबली. "हे बघा. बाहेरून आणलेली गाडी, नंबर मिळायचा बाकी. चेसिस नंबरावर पॉलिसी देता येते. मी अजून एकही केलेली नाही, पण देता येते. ती मिळाली की नंबर येईपर्यंत याच पाटीवर गाडी चालवता येते."

माझे डोळे भरून यायचे बाकी होते. तिने यादी दिली: बंदरावरची कागदपत्रं, तिकडच्या विमा कंपनीचं पत्र, त्याचं भाषांतर, चेसिस नंबरची पेन्सिलीने काढलेली छाप, आणि मग सर्व्हेअर येऊन गाडी पाहणार, फोटो काढणार, ते मुख्य कार्यालयात जाणार.

"तीस तारखेच्या आत होईल ना?"

"आरामात," ती म्हणाली. या शब्दाने माझा आयुष्यात फार वेळा घात केला आहे.

तिकडच्या कंपनीचं पत्र दोन ओळींचं होतं. भाषांतरकाराने चार दिवस घेतले आणि त्याचं अडीच पानांचं करून दिलं. त्यात लिहिलं होतं की या गृहस्थांनी नऊ वर्षांत नुकसानभरपाईसाठी एकदाही अर्ज केलेला नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. मी ते काउंटरवर ठेवलं आणि जरा ताठ उभा राहिलो. मुलीने वाचलं, परत वाचलं.

"नऊ वर्षांत एकदाही नाही? काका, गाडी चालवत होता ना?"

पेन्सिलीच्या छापेचं मला वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. गाडीच्या सांगाड्यावर एक नंबर कोरलेला असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची. फक्त तो कुठे कोरलाय हे कळायला हवं. बॉनेट उघडून पाहिलं, नाही. दारांच्या कडा पाहिल्या, नाही. मग सर्वज्ञांच्या सूचनेवरून मी इस्त्रीच्या शर्टात गाडीखाली शिरलो. ते बाहेर वाकून बॅटरी धरत होते, ती बरोबर माझ्या डोळ्यांत.

"दिसतोय का?"

"मला काहीच दिसत नाहीये!"

"नीट बघा, असणारच. माझ्या साडूच्या गाडीला तिथेच होता."

तोपर्यंत वॉचमन आला, समोरच्या बंगल्यातले दोघे आले, कुणीतरी माझे पाय पाहून विचारलं, "कितपत लागलंय?" अखेर बायको खाली आली. तिने आईच्या सीटखालचा गालिचा उचलला. नंबर तिथे होता. तिनेच कागद ठेवून सुबक छाप काढली आणि म्हणाली, "अहो, आता बाहेर या. लोक जमलेत."

बावीस तारखेला सर्व्हेअर येणार होता. हा दिवस मी जन्मात विसरणार नाही, आणि त्यात सर्व्हेअरचा काही दोष नाही. दोष आमच्या घराण्याचा आहे. आमच्याकडे कुणी कॅमेरा बाहेर काढला की कुणालाही फोटोबाहेर ठेवायची पद्धत नाही. घरात नवी शिलाई मशीन आली होती तेव्हाचा फोटो आहे. त्यात आम्ही नऊजण आहोत आणि मशीन शोधावी लागते.

"फोटो काढणार आहेत ना?" आईने सकाळीच विचारलं.

"गाडीचा काढणार आहेत, आई."

"गाडी कुणासाठी आणलीस?"

दहा वाजता आई तयार होती. ठेवणीतले कपडे, कानात मोत्यांच्या कुड्या, तोंडाला पावडर. मी तिला चाकाच्या खुर्चीतून, लिफ्टने खाली, गाडीपाशी नेलं. बटण दाबलं. सीट वळली, बाहेर आली, खाली आली. आई तिच्यावर बसली. कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही. बटण पुन्हा दाबलं, सीट वर चढून आत गेली आणि आई समोरच्या काचेतून आमच्याकडे बघायला लागली. तीन वर्षांनी ती गाडीत बसली होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी उगीच आरसा पुसला.

अशा वेळी 'आई, आता खाली उतर, कंपनीला फक्त गाडी हवीय,' असं म्हणायची छाती कुणाची आहे? सर्व्हेअरची नव्हती. त्याने समोरून फोटो काढला, बाजूने काढला, आईने एकदा "थांबा, डोळे मिटले माझे," म्हणून परत काढायला लावला. आणि तो गेला.

सव्वीस तारखेला मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं. अर्ज नामंजूर.

मी काउंटरवर धावलो. मुलीने कागद माझ्याकडे वळवला. मुख्य कार्यालयातल्या कुणा दक्ष माणसाने फोटो पाहिला होता. फोटोत, आपल्याकडे चालक जिथे बसतो बरोबर त्या जागी, मोत्यांच्या कुड्या घातलेली एक वृद्ध बाई अधिकाराने बसलेली. सूर्य काचेवर असल्यामुळे स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे ते दिसत नव्हतं. आणि अर्जात चालक म्हणून नाव माझं. शेरा असा: 'वाहन प्रत्यक्षात ज्येष्ठ महिला चालवीत असून अर्जदाराने स्वतःचे नाव पुढे केल्याचा संशय. सदर महिलेचे वय, परवाना व दृष्टी तपासल्याचा दाखला सादर करावा.'

"ती माझी आई आहे!" मी ओरडलो. आख्ख्या कचेरीने मान वर केली. "एकोणऐंशी वर्षांची! तिला घरातल्या घरात चालायला भिंत लागते, ती गाडी काय चालवणार? मी चालवतो! नऊ वर्षं मीच चालवली! अडीच पानांचं पत्र आहे माझ्याकडे!"

"काका, बसा."

"आणि मला काका म्हणू नका!"

"बरं. बसा."

मी बसलो. "नव्याने पाहणी करायला किती दिवस?"

"सात. कामाचे सात."

तेवढ्यात माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. टॅक्सी, गुडघे, तीन वर्षं, तीस तारीख, मावशीचा हात. मी विमा कंपनीच्या काउंटरवर डोळे पुसले हे मी इथे मोकळेपणाने सांगतो. घरी सांगितलेलं नाही. मुलीने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि परत ती जाड फाइल काढली.

"गाडी आमच्या दारात आणली तर पाहणी इथेच होते. मी स्वतः करू शकते. त्याच दिवशी पाठवते, आणि फोनवरून मागे लागते. पण विमा नाही, तर चालवत आणू नका हं."

घरी आईला मी तो शेरा वाचून दाखवला. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती लगेच फोनकडे वळली. "अगं, ऐकलंस का? कंपनीला वाटलं गाडी मीच चालवते! हो, मी! चौकशी लावलीय माझ्यावर!" तिकडून मावशीच्या हसण्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता.

अठ्ठावीसला मी गाड्या उचलून नेणारा ट्रक बोलावला. एक धडधाकट, धुतलेली, सुरू होणारी गाडी ट्रकच्या पाठीवर चढवून, स्वतः ट्रकवाल्याशेजारी बसून गावभर मिरवत जाणं यासारखी शोभा नाही. फाटकातच सर्वज्ञ भेटले. "पडली बंद? मी म्हटलंच होतं, परदेशी गाड्या इकडे टिकत नाहीत." मी खिडकीतून समजावून सांगायला तोंड उघडलं आणि ट्रक निघाला.

कंपनीच्या दारात ट्रक उभा करायला जागा होती, गाडी उतरवायला नव्हती. मग मुलीने आतून स्टूल मागवलं. ती स्टुलावर, गाडी ट्रकवर, आणि मी गाडीत. "स्टिअरिंग धरा! दोन्ही हातांनी! काच खाली! हसू नका, चालवताय असं वाटू द्या!" रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. एका लहान मुलीने आजोबांना विचारलं, "हे तिकडे वर का चालवतायत?" आजोबांनाही सांगता आलं नाही.

एकोणतीसला दुपारी चार वाजता पॉलिसी आली. दुसऱ्या दिवसापासून लागू. मी मुलीला धन्यवाद द्यायला गेलो तर ती म्हणाली, "आईंना म्हणावं, फोटो छान आलाय. मी काढून ठेवलाय त्यांच्यासाठी." त्या फोटोची प्रत तिने पाकिटात घालून दिली. मी म्हटलं, "येतो मग. काकांचा नमस्कार." ती हसली.

तीस तारखेला पहाटे उठून आम्ही निघालो. मी, मागे बायको, पुढे आई, आणि डिकीत तिची चाकाची खुर्ची. टोलनाक्यावरच्या माणसाने आईच्याच खिडकीत हात पुढे केला, तिच्या हातात स्टिअरिंग नाही हे पाहून दचकला, आणि आईने त्याला ठसक्यात सांगितलं, "विमा आहे."

साडेआठला मावशीच्या इमारतीसमोर पोचलो. गाडी थांबवली आणि मी मान वर करून पाहिलं. मावशी दुसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. एकोणीस दिवस मी एकेका कागदाचा विचार केला, पण जिन्याचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. बायकोच्याही नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"मी वर जात नाही," आई शांतपणे म्हणाली. "तिला विमानतळावर जायला खाली यावंच लागणार आहे ना? मी थांबते."

मावसबहिणीने टॅक्सी दहाला सांगितली होती. मी वर जाऊन तिला सगळं सांगितलं, आणि शेजारच्या दोघांना घेऊन आम्ही मावशीला लाकडी खुर्चीत बसवून पाऊण तास आधीच खाली आणलं. प्रत्येक पायरीवर मावशी म्हणत होती, "सावकाश रे बाळांनो, ताई बघतेय का? पडले तर ताई ओरडेल."

मी आईची सीट बाहेर काढून खाली आणली होती. मावशीची लाकडी खुर्ची आम्ही तिच्या अगदी शेजारी ठेवली. दोघी एका उंचीवर आल्या. आईने हात पुढे केला, मावशीने धरला. मला वाटलं होतं रडारड होईल. पण आई म्हणाली, "केस किती पांढरे झाले गं तुझे," आणि मावशी म्हणाली, "तुझे कुठे काळे आहेत?" मग त्या बोलायला लागल्या. काय बोलल्या मला माहीत नाही, कारण मला आईने फाटकापाशी जाऊन उभं राहायला सांगितलं.

दहाला टॅक्सी आली. मावशीला बसवायला गेलो आणि तेच झालं. एक पाय आत, एक बाहेर. मावशीचा चेहरा पांढरा पडला. टॅक्सीवाला मागून ढकलू का म्हणाला. आईच्या तोंडावर तीन वर्षांपूर्वीचं सगळं दिसत होतं.

"थांबा!" आई ओरडली. "तिला काढा बाहेर. ही सीट तिला द्या. मला उतरवा."

"ताई, अगं तू कुठे जाशील?"

"मी सूनबाईबरोबर इथे थांबते, सावलीत. हा तुला सोडून येईल. गाडी आहे कशाला?"

आईला चाकाच्या खुर्चीत घेतलं. मावशी सीटवर बसली. सामान टॅक्सीत गेलं, मावसबहीण आमच्या गाडीत मागे. मी बटण दाबायला वाकलो तर आई म्हणाली, "हो बाजूला. मी दाबते." तिने मावशीचा गाल एकदा कुरवाळला, बटण दाबलं आणि सीट वर जाऊन आत वळेपर्यंत बोट उचललं नाही. मावशी आतून रडत होती. आई रडली नाही. "पट्टा लाव तिला," एवढंच मला म्हणाली.

मावशीला सोडून मी परत आलो तेव्हा साडेबारा वाजले होते. विमानतळावर मी तिला सीटवरून तिथल्या चाकाच्या खुर्चीत उतरवलं होतं. काचेच्या दारापर्यंत ती मागे वळून गाडीकडेच बघत होती. हे मी आईला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. आम्ही तिला परत सीटवर बसवलं आणि निघालो. आई मांडीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत होती.

टोलनाका मागे गेल्यावर तिने विचारलं, "विमा किती दिवसांचा असतो रे?"

"एक वर्षाचा. मग परत काढावा लागतो."

"परत एवढं सगळं?"

"नाही गं. पुढच्या वेळी सोपं असतं."

"तरी वेळेवर काढ हं. आधीपासून मागे लाग." ती थोडं थांबली. "ती आली तर आणायला जावं लागेल ना."

"काढतो, आई," मी म्हटलं. "दर वर्षी काढतो."